पोथी लोळत वाचली तर?

पत्र : नमस्कार. मी ठाण्यात राहते, वय 47, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम बघते. मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यापासून शनिवार-रविवार मोकळे मिळायला लागले आहेत. श्रद्धा, साहित्य, कला, संस्कृती असं काहीतरी भरीव वाचावं अशी फार इच्छा आहे. फोनवर ‘या वीकेंडला हे वाचा’ म्हणून जे जे येतं ते मी साठवून ठेवते, पण रविवारी रात्री बघावं तर एकही लेख शेवटपर्यंत वाचलेला नसतो. घरात सासूबाईंची ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे. परवा दुपारी गाथा घेऊन दिवाणावर आडवी झाले, तर त्या म्हणाल्या, “पोथी अशी लोळत वाचायची नसते. आधी मनात भाव असावा लागतो.” ते मला लागलं, कारण भाव आहे की नाही हे माझं मलाच माहीत नाही. देवासमोर हात जोडते, पण विश्वास आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. अशा माणसाने ही पुस्तकं वाचणं ढोंग आहे का? आणि वाचायचं तर सुरुवात कुठून करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ढोंग अजिबात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रातला खरा अडथळा तोच आहे. काय वाचावं हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे.

तुमच्या मनात जो संकोच आहे त्याला आपल्याकडे जुनं नाव आहे, अधिकार. हे वाचायचा मला अधिकार आहे का? ज्या पुस्तकांपाशी तुम्ही बिचकून उभ्या आहात, ती बहुतेक याच प्रश्नाशी भांडत लिहिली गेली आहेत. तुकोबांनी अभंग रचावेत का यावरून वाद झाला आणि वह्या इंद्रायणीत बुडवायची वेळ आली, ही कथा आपल्या घराघरात सांगितली जाते. त्याच तुकोबांचा अभंग आहे, ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसी च ठावा । येरांनी वाहावा भार माथां’. बहिणाबाई शिऊरकर तुकोबांच्या शिष्या. ब्राह्मण घरातली बाई शूद्राला गुरू मानते म्हणून नवऱ्याने त्यांना मारहाण केली, हे त्यांनीच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवलं आहे. त्या लिहितात, ‘वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे’. सतराव्या शतकातली ही बाई शास्त्रांनी आपल्याला दाराबाहेर ठेवलंय हे स्पष्ट लिहिते आणि तरी लिहायचं थांबत नाही. जनाबाई तर ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’ म्हणते. तिला कुणी पाट मांडून, समई लावून बसवलं नव्हतं.

सासूबाईंचं मात्र चुकलं असंही मी म्हणणार नाही. पारायणाची पोथी वेगळी आणि वाचायची प्रत वेगळी, हा भेद आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. पारायणाला आंघोळ, सोवळं, ठरलेली वेळ, ठरलेल्या ओव्या. त्यांची पोथी हे त्यांचं देवघरातलं साधन आहे, त्यामुळे ती दिवाणावर दिसल्यावर त्यांना टोचणारच. तुम्ही स्वतःची वेगळी प्रत घ्या. पेन्सिलीने खुणा करा, पानं दुमडा, आडव्या होऊन वाचा. इतक्याने घरातला निम्मा ताण सुटेल.

आता भावाचं. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरू होतो तिथे ज्ञानदेव समोर बसलेल्या श्रोत्यांना म्हणतात, ‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे’. फक्त लक्ष द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला सांगितलेल्या या ग्रंथात वक्ता श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतो आहे, आणि ती भाव नाही, माळ नाही, व्रत नाही. ती आहे अवधान. तुमच्याकडे ते आहे की नाही, हा प्रश्न मात्र मी तुम्हाला नक्की विचारेन. कारण फोनवर साठलेले लेख जे खातात ते अवधानच. ती यादी एकदा पुसून टाका. त्यात चांगले लेखही असतील, आणि तरीही पुसा. श्रद्धेवर एक, चित्रकलेवर एक, कुठल्याशा मंदिराच्या स्थापत्यावर एक असं तुकड्या-तुकड्याने वाचलं की वाचल्याचं समाधान तर मिळत नाहीच, वर अपराधी वाटतं.

तुम्ही श्रद्धा, साहित्य, कला, संस्कृती असे चार शब्द लिहिलेत. मी म्हणेन, चारांचा पाठलाग सोडा आणि एकच विषय धरा. पंढरपूर. दोन-तीन महिने शनिवार-रविवारी दुसरीकडे जाऊच नका. त्या एका गावात तुमचे चारही शब्द राहतात, आणि त्याबद्दल मराठीत जे लिहिलं गेलंय त्यातलं कितीतरी उत्तम लेखन तुमच्यासारख्याच माणसांचं आहे, जी ओढीने तिथे गेली आणि ज्यांच्या मनातले प्रश्न मात्र सुटले नाहीत.

पहिला शनिवार इरावती कर्व्यांचा. त्यांच्या ‘परिपूर्ती’ या 1949 च्या संग्रहात ‘वाटचाल’ नावाचा लेख आहे. तेवढाच वाचा, एका बैठकीत होतो. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवायच्या. त्या दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. काहीशा अभ्यासाला गेल्या हे खरं, पण लेख वाचताना जाणवतं की चालता चालता अभ्यास मागे पडत गेला. दिवसभर सगळे एका सुरात अभंग म्हणतात आणि मुक्कामाला पोचले की ब्राह्मणांची चूल वेगळी, मराठ्यांची वेगळी. हे त्यांना खुपलं. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, आणि मग त्या बायका जवळ आल्या, हात धरून चालायला लागल्या, घरच्या गोष्टी सांगायला लागल्या, ताई म्हणायला लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ बरं का, असं कुणी म्हणालं. त्यावर एका तरुण मुलीने विचारलं की तेव्हाही तुम्ही आमच्याशी असंच वागाल का. साधा प्रश्न, पण तो आतपर्यंत लागला असं इरावतीबाई लिहितात. आपण किती बऱ्या, किती उदार, हे दाखवायची सोय त्या स्वतःला ठेवत नाहीत.

याच लेखात त्यांनी महाराष्ट्राची एक व्याख्या दिली आहे. ज्या देशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. नकाशावरच्या सीमांवरून जोरात वाद चालू असण्याचा तो काळ. समाजशास्त्राच्या बाईंनी पायी चालून ही व्याख्या कमावली होती, म्हणून ती मला आजही खरी वाटते. तुम्ही विश्वास ठेवता की नाही याचा या व्याख्येशी काही संबंध नाही, हे लक्षात घ्या. तुमच्या घरातून कुणी ना कुणी पंढरीला गेलेलं असेलच.

‘वाटचाल’ आवडला तर दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ घ्या. 1964 चं पुस्तक, छोटंसं. मोकाशी कथाकार. आळंदीहून निघालेल्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर ते पंढरपूरपर्यंत चालले. दुखणारे पाय, रात्रीची झोप कुठे मिळणार याची काळजी, पाणी, चिखल, तंबू, बरोबरच्या माणसांच्या गप्पा असं सगळं त्यात आहे. आणि मधूनच एखाद्या अभंगावर त्यांचं मन थबकतं. त्यांनाही तुमचाच प्रश्न पडलेला दिसतो, मी या लोकांतला आहे का? त्याचं उत्तर मिळवायची ते घाई करत नाहीत. दोन शनिवारांत संपेल. सासूबाई कधी वारीला गेल्या असतील तर हे पुस्तक वाचता वाचता त्यांना मुक्कामांची नावं विचारा. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद अशी ती त्यांना तोंडपाठ असतील, आणि बरोबर गोष्टी येतील ज्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत.

मग गाथा. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा संकल्प करू नका. तो संकल्प दुसऱ्या आठवड्यात मोडतो. एका रविवारी सकाळी पाच अभंग, तेवढे पुरे. मात्र मोठ्याने वाचा. अभंग हा टाळाच्या ठेक्यावर उभा असतो, मनातल्या मनात वाचला की त्याचा निम्मा अर्थ हरवतो. आवाज लाजल्यासारखा होईल पहिल्यांदा, होऊ द्या.

भाव नाही म्हणून घाबरलेल्या वाचकाला मी एक अभंग पहिल्यांदा वाचायला सांगते. ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’. पुढची ओळ, ‘गोष्टी न करी नांव नेघें । गेलों दोघें खंडोनी’. माझ्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो, मी त्याच्याशी बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही, आमचं दोघांचं फाटलं. हे तुकाराम महाराज म्हणतात. त्यांचे अभंग रोज गाणाऱ्या परंपरेने हा अभंग गाळला नाही, गाथेत जपून ठेवला. याचा अर्थ लावण्यात कीर्तनकारांच्या पिढ्या गेल्या आहेत. अद्वैताचा अर्थ लावता येतो, रुसव्याचा लावता येतो, आणि हा निखळ तुटलेपणाचा क्षण आहे असंही वाचता येतं. मला तिसरं वाचन जवळचं वाटतं, कारण 1630 च्या आसपासच्या दुष्काळात या माणसाने पहिली बायको आणि मूल गमावलं होतं, व्यापार बुडाला होता. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ ही ओळ लिहिणाऱ्याला देवाशी भांडायचा हक्क होता. तुमची जी शंका आहे ना, ती गाथेच्या बाहेर उभी राहून आत डोकावत नाहीये. ती आतच बसलेली आहे, कधीपासूनची.

याला जोडून रविवारी संध्याकाळी प्रभातचा ‘संत तुकाराम’ बघा. दामले-फत्तेलालांचा 1936 चा चित्रपट, विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. त्यातलं ‘आधी बीज एकले’ हे गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं, आणि ते इतकं जमून गेलं की पुष्कळांना ते तुकोबांचंच वाटलं, अजून वाटतं. कलेबद्दल वाचायचं होतं ना तुम्हाला? विसाव्या शतकातल्या एका गीतकाराने सतराव्या शतकातल्या कवीची वाणी अशी आत्मसात करणं, यावर तुम्ही एक अख्खा आठवडा विचार करू शकाल. पण त्याहून मला त्या चित्रपटात तुकोबांची दुसरी बायको आवली जास्त महत्त्वाची वाटते. पोरांच्या पोटाची चिंता करणारी, विठोबाला शिव्या घालणारी. ती नसती तर त्या घरात संसारच उरला नसता, आणि चित्रपट तिला कुठेही खोटी पाडत नाही.

चोखोबा आणि त्यांच्या पत्नी सोयराबाई यांच्यासाठी एक शनिवार स्वतंत्र ठेवा, त्या दिवशी दुसरं काही नको. पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ चोखामेळ्याची समाधी आहे. जिवंतपणी ज्याला आत जाऊ दिलं नाही, तो दारात आहे. सोयराबाईंचा अभंग आहे, ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध । देहीचा विटाळ देहीच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म’. शरीराचा विटाळ शरीरातच जन्मतो, मग सोवळा राहिला तो कोण, असा थेट सवाल आहे हा. ‘अवघा रंग एक झाला’ हाही त्यांचाच, तो आपण मैफलींत ऐकून धन्य होतो. हा विटाळाचा त्यामानाने क्वचितच कुणी गातं. दोन्ही एकामागून एक वाचा. आणि हेही जोडून घ्या, की ते देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं. भक्तीच्या गोडव्यात वाहून जाताना ही तारीख विसरायची नाही. श्रद्धेवरचं जे वाचन माणसाला अशा ठिकाणी अस्वस्थ करत नाही, ते मला अपुरं वाटतं.

ज्ञानेश्वरीकडे तुम्ही या सगळ्यानंतर या. पहिल्या अध्यायापासून नको, बारावा घ्या. त्यात अडीचशेच्या आत ओव्या आहेत. सुरुवातीलाच ‘जय जय वो शुद्धे । उदारे प्रसिद्धे’ म्हणत ज्ञानदेव गुरुकृपेला आई म्हणून हाक मारतात. भाषा अडेल, म्हणून सार्थ प्रत घ्या. सोनोपंत दांडेकरांची सहज मिळते. मात्र अर्थावर आधी उडी नको. ओवी दोनदा मोठ्याने वाचायची, काय कळतंय ते बघायचं आणि मगच खाली नजर टाकायची. आपल्याला वाटतं त्याहून बरंच कळतं. इथेच सासूबाईंना सोबत घ्या. तुम्ही वाचा, त्या सांगतील. पारायणं करकरून ज्या ओव्या त्यांच्या जिभेवर बसल्या आहेत त्यांचा उच्चार तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. कदाचित असंही होईल की शब्दाचा अर्थ तुम्हाला तळटीपेत सापडेल आणि तो त्यांना पहिल्यांदाच कळेल. पोथी लोळत वाचायची नसते म्हणणाऱ्या बाईला आपल्या सुनेने आपल्याकडून काही मागावं असं बहुधा वाटतही असेल. हा माझा अंदाज, तुम्ही तुमच्या घरच्या माहितीवरून ठरवा.

मराठीतलं श्रद्धेवरचं वाचन वारकऱ्यांपाशी संपत नाही, हे सांगायलाच हवं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ओव्यांत लिहिलेलं, आणि ‘तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी’ अशी आपल्या भाषेची थोरवी गाणारं. त्यातला एखादा उतारा चाखून बघा. आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मात्र पूर्ण वाचा, कारण तुमच्या प्रश्नाला याहून जवळचं पुस्तक मला माहीत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी स्वीकारला तो 1900 मध्ये. मधली वर्षं त्या कुठल्याच घरच्या नव्हत्या. एकीकडे माहेरचं कडक सोवळं, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने पिडलेलं बालपण, दुसरीकडे धर्म बदललेला नवरा ज्याच्यावर जीव आहे. त्या कुणाच्या सांगण्यावरून बदलल्या नाहीत. शिवाशिवीच्या कल्पना त्यांच्या मनातून हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या गतीने गळून पडल्या, आणि ते त्यांनी इतक्या साध्या घरगुती मराठीत लिहिलं आहे की वाचताना हसू येतं आणि एकदम घशाशी दाटूनही येतं. विश्वास ही एका दिवसात आहे-नाही असं ठरवायची गोष्ट नसते, हे त्या पुस्तकाच्या पानापानावर दिसतं.

शेवटी राहतात रा. चिं. ढेरे. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा 1984 चा ग्रंथ, 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव, पुढे तो वैष्णव झाला, त्याचं नातं दक्षिणेकडच्या देवांशी कसं आहे, याचा शोध ढेऱ्यांनी शिलालेख, स्थलपुराणं, लोकगीतं, मूर्ती सगळं पणाला लावून घेतला. काहींना तो झोंबला. ढेरे मात्र देवाला खाली खेचायला निघालेले नाहीत, ते त्याच्या प्रेमात पडूनच त्याचा माग काढतात. देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख घ्या. शके 1195 पासूनच्या देणग्यांची त्यात नोंद आहे, रामदेवराव यादवाच्या काळातली. अभ्यासकाला तो इतिहासाचा पुरावा. भाविक मात्र चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटायला त्याला पाठ घासत आले, इतकी की दगड गुळगुळीत झाला. एकाच दगडाकडे दोन्ही नजरांनी बघता येतं, हे ढेऱ्यांकडून शिकावं. हा ग्रंथ जाडजूड आहे, संदर्भांनी भरलेला आहे. त्याला सगळ्यात शेवटी हात घाला, आणि अडलेली प्रकरणं सोडून पुढे गेलात तरी चालेल.

पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. तुमच्या ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. येत्या शनिवारी फोन घरी ठेवून तिथे जा, सभासद व्हा आणि ‘परिपूर्ती’ मागा. गाथा तेवढी स्वतःची घ्या, कारण तिच्यावर पेन्सिल चालवायची आहे. इरावतीबाईंना त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नापाशी पोचलात की मला पुन्हा लिहा. त्या जागी तुम्हाला काय वाटलं ते वाचायला मला आवडेल.